मैत्रेय चांगला मित्र होता काय?

मुलांनो, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हटकून भेटतो : 'अमुक पात्राचे स्वभावचित्र रेखाटा.' या प्रश्नाची उत्तरे मी तीस वर्षांहून अधिक काळ तपासली. बहुतेक उत्तरे एकाच साच्यातून काढल्यासारखी असत. 'तो शूर होता, तो उदार होता, तो प्रेमळ होता,' अशी पाचसहा विशेषणे ओळीने मांडली, की विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकून पुढच्या प्रश्नाकडे वळत असे. वाण्याच्या दुकानात जाताना सामानाची यादी करावी, तशी ही माणसाची यादी! मात्र यात दोष मुलांचा नव्हता. ती यादी मीच फळ्यावर लिहून देत असे.

माझी ही सवय कशी मोडली, ते सांगतो. एका वर्षी इयत्ता ७ वीच्या वर्गात आम्ही 'मृच्छकटिक' या नाटकाची गोष्ट घेतली होती. त्यातील निवडक प्रसंग मुले सोप्या मराठीत वाचत होती. वाचन संपल्यावर मी नेहमीप्रमाणे खडू उचलला आणि मैत्रेय या पात्राचे गुणविशेष लिहून दिले : खादाड, भित्रा, निष्काळजी, विनोदी आणि मित्रप्रेमी. मुलांनी ते मुकाट्याने उतरवून घेतले. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "गुरुजी, इतके दोष असलेला माणूस चारुदत्तासारख्या थोर पुरुषाने आपल्याजवळ का ठेवला? आणि तो मित्रप्रेमी होता, हे तुम्ही कशावरून लिहिले?"

तिला त्या वेळी देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते. "उद्या सांगतो," एवढेच मी म्हणालो आणि फळा पुसून टाकला. त्या रात्री मी ते नाटक पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्या वाचनातून माझे जे मत बनले, तेच आज तुमच्यापुढे मांडतो. माणूस कसा आहे, हे त्याला चिकटवलेल्या विशेषणांवरून कळत नाही; कोणत्या प्रसंगी तो काय करतो, यावरून ते कळते. मैत्रीचेही तसेच आहे. मित्र निर्दोष आहे की नाही, यापेक्षा दोघांपैकी एक चुकला असता पुढे काय घडते, यावरून मैत्रीची खरी पारख होते.

प्रथम त्या नाटकाची थोडी ओळख करून घेऊ. 'मृच्छकटिक' म्हणजे मातीची लहान गाडी. हे १० अंकी संस्कृत नाटक शूद्रक या कवीच्या नावावर आहे. गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याला 'संगीत मृच्छकटिक' असे मराठी रूप दिले आणि त्यातील चारुदत्त व मैत्रेय महाराष्ट्रातील रसिकांच्या घरोघरी पोहोचले. १९०५ साली आर्थर रायडर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. १९५८ साली हबीब तन्वीर यांनी 'मिट्टी की गाडी' या नावाने ते हिंदी रंगभूमीवर आणले. इतक्या जुन्या नाटकाकडे माणसे पुन्हा पुन्हा का वळतात? कारण त्यात राजेमहाराजांपेक्षा साध्या माणसांची सुखदुःखे अधिक आहेत.

कथा उज्जयिनी नगरीतील आहे. चारुदत्त हा एके काळचा धनवान गृहस्थ. दानधर्म करता करता त्याचे सारे वैभव ओसरले आहे. घरात पत्नी धूता आणि लहान मुलगा रोहसेन आहे. पूर्वी ज्या घरात पाहुण्यांची रीघ असे, तेथे आता कोणी फिरकत नाही. चारुदत्ताला धन गेल्याचे तितकेसे दुःख नाही. पण धनाबरोबर स्नेही मंडळीही सैल झाली, हे मात्र त्याच्या काळजाला लागले आहे.

अशा घरी मैत्रेय रोज येतो. रंगभूमीवर आल्या आल्या तो कशाची आठवण काढतो? खाण्याची! चारुदत्ताच्या भरभराटीच्या दिवसांत तो दारी बसून सुवासिक मोदक मनसोक्त खात असे. चित्रकाराभोवती रंगांच्या वाट्या असाव्यात तशी त्याच्याभोवती पक्वान्नांची भांडी मांडलेली असत आणि तो त्यांना नुसते बोट लावून दूर सारीत असे. आता त्याला पोटासाठी दिवसभर इकडेतिकडे हिंडावे लागते. येथे कोणी म्हणेल, "पाहा, खादाड तो खादाडच!" पण जरा थांबा. दिवसभर भटकून संध्याकाळी तो जातो कोठे? घरट्याकडे परतणाऱ्या पारव्याप्रमाणे तो चारुदत्ताच्याच घरी येतो. आता तेथे मोदक नाहीत, हे त्याला पुरते ठाऊक आहे. तो केवळ मोदकांचा मित्र असता, तर मोदकांबरोबरच निघून गेला असता. म्हणजे 'खादाड' हा शब्द खोटा नाही. पण तो अपुरा आहे. त्याच्या खाण्याच्या आवडीमुळेच त्याच्या परत येण्याचे मोल अधिक वाटते.

त्याच अंकात चारुदत्त त्याला चौकात जाऊन देवतांना बळी, म्हणजे नैवेद्य, ठेवून यायला सांगतो. मैत्रेय साफ नकार देतो. रात्रीच्या वेळी रस्त्यावर नाही नाही ती माणसे हिंडतात, मी एकटा जाणार नाही, असे तो उघडपणे सांगतो. शेवटी घरातील दासी बरोबर निघते, तेव्हा कोठे त्याचे पाय हलतात. ही अंधारी वाट नीट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

आता चोरीचा प्रसंग पाहू. नृत्यगायनात निपुण असलेल्या वसंतसेनेने आपले दागिने चारुदत्ताच्या घरी ठेव म्हणून ठेवले आहेत. दिवसा ते सेवकाने राखायचे आणि रात्री मैत्रेयाने, अशी वाटणी झाली आहे. मैत्रेयाला ही राखण म्हणजे मोठी कटकट वाटते. झोप उडवणारी ही पेटी नेणारा एखादा चोर या नगरात नाही काय, असे तो वैतागून म्हणतो. आणि खरोखरच त्या रात्री शर्विलक नावाचा चोर भिंतीला भोक पाडून आत शिरतो. मैत्रेय झोपेत बरळत असतो. आपण पेटी चारुदत्ताच्या हाती देत आहोत, अशा समजुतीने तो ती चोराच्याच हाती देतो! सकाळी उठल्यावर, पेटी वेळीच तुझ्या स्वाधीन केली हे बरे झाले, असे तो मोठ्या समाधानाने चारुदत्ताला सांगतो. हा भाग वाचताना आमचा वर्ग पोट धरधरून हसला होता.

पण लगेच हसू मावळते. ठेव गेली, हे कळताच चारुदत्ताचे भान हरपते. गरिबाचे कोण खरे मानणार? चारुदत्तानेच दागिने गिळले, असे लोक म्हणतील. तेव्हा मैत्रेय एक युक्ती सुचवतो. दागिने मिळालेच नाहीत, असे सांगून मोकळे व्हावे. साक्षीदार तरी कोण आहे? चारुदत्त ही युक्ती तत्काळ झिडकारतो. भीक मागून ठेव फेडीन, पण खोटे बोलणार नाही, असा त्याचा निश्चय आहे. पतीची ही अडचण ओळखून धूता आपला मौल्यवान रत्नहार पुढे करते. तो हार वसंतसेनेकडे घेऊन जाण्याचे काम चारुदत्त मैत्रेयावरच सोपवतो. एवढ्याशा दागिन्यांसाठी इतका किमती हार द्यावा, हे मैत्रेयाला मुळीच पटत नाही. तसे तो बोलून दाखवतो. पण हार नेऊन देतो.

या प्रसंगावर आमच्या वर्गात वाद रंगला. एक मुलगा म्हणाला, "जो खोटे बोलायला शिकवतो, तो मित्रच नव्हे." दुसरा म्हणाला, "पण त्याने ते स्वतःसाठी सांगितले नाही. चारुदत्ताची अब्रू वाचावी म्हणून सांगितले." दोघेही अर्धे बरोबर होते. मैत्रेयाचा हेतू प्रेमाचा होता आणि त्याचा सल्ला वाईट होता. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. नाटक आपल्याला शिकवते ते नेमके हेच. आता चारुदत्ताकडे पाहा. त्याने मित्राचा सल्ला नाकारला, पण मित्राला नाकारले नाही. ज्याच्या हातून ठेव गेली, त्याच्याच हाती त्याने दुसऱ्या दिवशी त्याहून मोलाचा हार दिला. विश्वास म्हणजे काय, हे या कृतीतून समजते. मित्राने सांगितलेले सगळे ऐकणे म्हणजे मैत्री नव्हे आणि तो चुकला म्हणून त्याचा हात सोडणे हीही मैत्री नव्हे.

विशेषणांच्या यादीची खरी फजिती होते ती शर्विलकापाशी. तो चोर आहे, हे निर्विवाद. मदनिका नावाच्या दासीला मुक्त करून तिच्याशी विवाह करता यावा, म्हणून त्याने ही चोरी केलेली असते. पुढे वसंतसेना मोठ्या मनाने मदनिकेला मुक्त करते. नवपरिणीत जोडपे गाडीत बसते, तोच बातमी येते, की शर्विलकाचा मित्र आर्यक याला पालक राजाने बंदीत टाकले आहे. शर्विलक क्षणभर विचार करतो आणि गाडीतून खाली उतरतो. पत्नीला सुरक्षित घरी पोहोचवण्याची व्यवस्था करून तो मित्राच्या सुटकेसाठी निघतो. आता सांगा, शर्विलकाच्या नावापुढे काय लिहाल? 'चोर' लिहाल, की 'जिवाला जीव देणारा मित्र'? दोन्ही लिहावे लागेल. मित्रप्रेमाने त्याची चोरी पुसली जात नाही आणि चोरीने त्याचे मित्रप्रेम खोटे ठरत नाही. पुढे बंदीतून निसटलेला आर्यक योगायोगाने चारुदत्ताच्याच गाडीत लपतो आणि चारुदत्त त्याला अभय देऊन आपली गाडीही देतो. ज्याच्या घरी शर्विलकाने चोरी केली, त्याच्याच हातून शर्विलकाचा मित्र वाचतो!

आता सर्वांत कठीण प्रसंग. रोहसेनाला खेळायला सोन्याची गाडी हवी असते. घरात असते मातीची. रडणाऱ्या त्या पोराची समजूत घालण्यासाठी वसंतसेना आपले दागिने काढून त्याच्या मातीच्या गाडीत भरते. नाटकाचे नाव येथूनच आले आहे. हे दागिने परत करण्यासाठी चारुदत्त मैत्रेयाला पाठवतो. इकडे राजाचा दुष्ट मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि ती मेली असे समजून खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. चारुदत्ताला न्यायसभेत बोलावल्याचे मैत्रेयाला वाटेतच कळते. तो हातातले काम टाकून तसाच न्यायसभेत धावतो. मित्रावर भलता आरोप ऐकून त्याचे डोके भडकते. तो शकाराशी भांडतो, त्याच्यावर काठी उगारतो आणि त्या झटापटीत त्याच्या बगलेतील दागिने सर्वांच्या देखत जमिनीवर पडतात. वसंतसेनेचे दागिने आरोपीच्या मित्राजवळ! याहून मोठा पुरावा तो कोणता? चारुदत्ताचे दैव तेथेच फिरते आणि त्याला देहान्ताची शिक्षा होते.

हा भाग वाचून झाल्यावर वर्गात कोणी हसले नाही. थोड्या वेळाने एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, मैत्रेय गेलाच नसता तर बरे झाले असते." खरे आहे. केवळ प्रेम पुरेसे नसते. प्रेमालाही विवेकाचा लगाम लागतो. मित्रासाठी हाणामारीला धावणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग वाचावा, असे मला मनापासून वाटते. पण नाटककार तेथेच थांबत नाही. चारुदत्त मैत्रेयाला दोष देत नाही. तुझ्यामुळे माझा प्राण जात आहे, असा एक शब्दही तो काढत नाही. उलट, आपल्या मागे रोहसेनाचा सांभाळ कर, अशी विनंती तो त्यालाच करतो. माझ्यावर जो स्नेह केलास तो आता माझ्या मुलावर कर, हे त्याचे मागणे.

आणि मैत्रेय? शेवटच्या अंकात तो रोहसेनाला घेऊन वधस्थानाच्या वाटेवर येतो. तो मारेकऱ्यांना म्हणतो, की माझ्या मित्राला सोडा आणि त्याच्या जागी मला मारा. आता ती अंधारी वाट आठवा. चौकापर्यंत एकटा जायला भिणारा हाच तो मैत्रेय! त्याला आपण 'भित्रा' म्हणावे काय? आमच्या वर्गात त्या दुसऱ्या बाकावरील मुलीनेच याचे उत्तर दिले : "तो अंधाराला भितो, पण मित्राशिवाय जगायला त्याहून जास्त भितो." माझ्या पाच विशेषणांपेक्षा तिचे हे एक वाक्य अधिक मोलाचे होते. शेवटी वसंतसेना जिवंत असल्याचे उघड होते, आर्यक राजा होतो आणि चारुदत्त सुटतो. त्याने शकारालाही क्षमा केली, हे येथे सांगितले पाहिजे.

काही जण म्हणतात, की अकरा-बारा वर्षांच्या मुलांना एवढे खोल शिरायची गरज काय? यादी पाठ केली की गुण मिळतात. हे मत मला मान्य नाही. ज्या वयात मुले आपले पहिले जिवलग मित्र जोडतात आणि क्षुल्लक कारणावरून त्यांच्याशी अबोला धरतात, त्याच वयात त्यांना हा विचार हवा असतो. शिवाय नाटक हे त्यासाठी फार सोयीचे साधन आहे. कादंबरीत लेखक मध्येच येऊन 'हा मनुष्य कपटी होता' असे सांगू शकतो. नाटकात पात्रे बोलतात, वागतात आणि निर्णय आपल्यावर सोपवतात.

म्हणून नाटक वाचताना तुम्ही एवढे करा. संवाद मोठ्याने वाचा. शक्य तर वाटून घेऊन वाचा आणि पुढच्या वेळी भूमिका बदला. ज्याने मैत्रेय वाचला, त्याने चारुदत्त वाचावा. पात्र काय बोलते आणि प्रत्यक्ष काय करते, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका पात्राविषयी दुसरे पात्र काही बोलले, तर बोलणारा कोण आहे हे आधी विचारा; शकाराने दिलेल्या शिव्यांवरून चारुदत्ताचे मोल ठरत नाही. पात्र आरंभी कसे होते आणि शेवटी कसे झाले, याचा शोध घ्या. आणि एखादे विशेषण लिहिलेच, तर 'कशावरून?' हा प्रश्न स्वतःला विचारा. त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न हाच होता.

शेवटी एक आठवण सांगतो. त्याच वर्गात एक मुलगा होता. त्या वर्षी त्याच्या वडिलांचे दुकान बंद पडले होते. त्याला सहलीचे पैसे भरता आले नव्हते. तो मधल्या सुटीत एकटाच बसू लागला होता. शिक्षक असूनही मी ते पाहिले नव्हते. चारुदत्त आपल्या दारिद्र्याविषयी बोलतो तो उतारा वाचायला मी त्याला योगायोगानेच सांगितले. त्याने तो मान वर न करता वाचून दाखवला.

आठ दिवसांनी मी मुलांना उत्तर लिहायला सांगितले : 'मैत्रेय चांगला मित्र होता काय? कारणे द्या.' पूर्वी त्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या एका विद्यार्थ्याने इतरांप्रमाणे पानभर मजकूर लिहिला होता. शेवटच्या ओळी मात्र वेगळ्या होत्या. त्याने लिहिले होते : 'मैत्रेयाने पुष्कळ चुका केल्या. पण घरी मोदक नव्हते तरी तो रोज जात होता. मी गेलो नाही. उद्या जाणार आहे.'

त्या उत्तराला किती गुण द्यावेत, हे मला ठरवता आले नाही. मी त्याच्या वहीत नुसती सही केली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी वर्गावरून गेलो, तेव्हा ते दोघे एकाच बाकावर बसले होते आणि त्यांच्यामध्ये एक डबा उघडा होता.